मुलं मोठी झाली, घर तेवढंच राहिलं. पसारा कुठून काढायला घेऊ?

चकलीचा_सोऱ्या

नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

कोथरूडला डहाणूकर कॉलनीत आमचा टू बीएचके आहे, जुन्या बिल्डिंगमधला, खोल्या ऐसपैस पण कपाटं कमी आणि माळे भरपूर. राहणारे पाच, मी, नवरा, सासूबाई, मुलगी (दहावी झाली, आता अकरावी सायन्स) आणि मुलगा सातवीत. इतकी वर्षं एक बेडरूम आमची आणि दुसरीत आई (सासूबाई) आणि दोन्ही मुलं असं निभावून नेलं, लहान होती तोवर आजीच्या गोष्टी ऐकत झोपायची, कुणाची तक्रार नव्हती. आता मुलीला दार लावून अभ्यास करायचाय, मुलाला मॅचची कॉमेंट्री मोठ्याने लागते आणि आईंना दुपारी दोन ते चार घरात चिटपाखरू फिरकलेलं चालत नाही. तिघांचंही बरोबर आहे हीच तर पंचाईत.

घर बदलणं आत्ता शक्य नाही, भाव सगळ्यांना माहितीयेत. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणून कधीपासून ऐकतोय, त्या भरवशावर बसलं तर तोवर मुलीचं लग्न होईल. म्हणून ठरवलंय की मागची बाल्कनी, जी बंद करून घेतलेली आहे, साधारण दहा बाय पाचची, ती रिकामी करायची आणि तिथे मुलीचं टेबल आणि पुस्तकं लावायची.

आणि ती बाल्कनी म्हणजे आमच्या घरातली अडगळीची खोली. काय नाही तिथे! शिसवी पाळणा, ज्यात नवरा, नणंद आणि माझी दोन्ही मुलं झोपली. बाबागाडी. तीनचाकी सायकल, मग बाजूला छोटी चाकं लावलेली सायकल, मग गिअरची. थर्माकोलचं मखर, २०१८ साली बंदी आली म्हणून वापरता येत नाही आणि टाकायचं कुठे तेही कळत नाही. माझ्या रुखवतातली काचेच्या पेटीतली क्रोशाची सप्तपदी, जिच्याकडे बघवत नाही आणि माझ्या आईने डोळे फोडून केलीये म्हणून टाकवत नाही. बुटाच्या खोक्यात कापसात गुंडाळलेले दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, त्यातल्या एकाचं मुंडकं गेलंय, एका घोड्याला पाय नाहीत, महाराज मात्र सिंहासनासकट शाबूत, त्या खोक्याला मुलगा हात लावू देत नाही. उलट मुलगी म्हणते माझं सगळं टाकून दे, मला काहीच नको, तिच्या भरतनाट्यमच्या ट्रॉफ्यासुद्धा नकोत म्हणे. आणि या सगळ्याच्या तळाशी आईंची पत्र्याची ट्रंक, कुलूप लावलेली.

तर अनुभवी लोकांनी सांगा, सुरुवात कुठून करायची, मुलांचं किती ऐकायचं, पुण्यात कुठली वस्तू कुठे देता येते, आणि मुख्य म्हणजे आईंना न दुखावता हे कसं करायचं. नवऱ्याला विचारलं तर "बघू दिवाळीत" एवढंच उत्तर येतं. कुठल्या दिवाळीत ते सांगत नाही.

---

टिळकरोडी

सोप्पंय. नवऱ्याला आधी काढा. हलकेच घ्या.

बाकी सप्तपदी आमच्याकडेपण आहे, त्यातल्या सात सुपाऱ्यांपैकी चार उंदराने खाल्ल्या. उरलेल्या तीन पावलांवर संसार चाललाय.

---

दुपारची_झोप

सोऱ्याताई, माझी दोन्ही मुलं आता बाहेर आहेत, एक बंगळूरला आणि एक इथेच हिंजवडीला पण वेगळा राहतो, त्यामुळे या सगळ्यातून गेलेय. तुम्ही जी यादी दिलीये ती परत एकदा वाचा. मुलांचं म्हणून जे लिहिलंय त्यात मुलांचं किती आहे? पाळणा मुलांचा नाही, तुमच्या सासूबाईंचा आहे. सप्तपदी तुमची. मखर बहुतेक नवऱ्याचं असणार (असतंच, "परत उपयोगी पडेल" हे वाक्य त्यांचंच). मुलांच्या म्हणाव्या अशा वस्तू म्हणजे मावळे, ट्रॉफ्या आणि फार तर सायकली. आमच्याकडे हेच निघालं होतं. मुलांच्या खोलीत जागा नाही म्हणून आम्ही मुलांवर ओरडत होतो आणि त्यांच्या कपाटाच्या वरच्या दोन कप्प्यांत माझे दिवाळी अंक आणि ह्यांच्या ऑफिसच्या जुन्या डायऱ्या होत्या, पोरांना बिचाऱ्यांना खालचे दोन.

म्हणून मी काय केलं तर वस्तूंचे ढीग "ठेवायचं, द्यायचं, टाकायचं" असे न लावता माणसांप्रमाणे लावले. ज्याची वस्तू त्याच्या नावाच्या चादरीवर. हॉलमध्ये पाच चादरी घाला आणि बघा कुणाच्या चादरीवर डोंगर होतोय ते. आमच्याकडे ह्यांचा झाला आणि त्यानंतर "मुलं पसारा करतात" हे वाक्य घरात परत कुणी उच्चारलं नाही. मग नियम एकच, आपापल्या चादरीवरचं आपण ठरवायचं, दुसऱ्याच्या चादरीकडे बघून "हे कशाला हवंय तुला" असं म्हणायचं नाही. हे म्हणायला सोपं आहे, मला स्वतःला फार जड गेलं, माझी जीभ सारखी वळवळायची.

मुलीचं "सगळं टाकून दे" लगेच मनावर घेऊ नका. पंधरा-सोळाव्या वर्षी लहानपणाची लाज वाटते, एकविसाव्या वर्षी तेच शोधत येतात. एक झाकणाचा डबा भरा, तिला न सांगता नव्हे, सांगून, की हा एवढाच डबा मी ठेवतेय, बाकी तू म्हणशील तसं. डबा भरला की भरला, दुसरा नाही. ट्रॉफ्यांचं म्हणाल तर फोटो काढा, त्यावरची नावाची पितळी पट्टी निघते ती काढून डब्यात टाका, आणि ट्रॉफ्या क्लासला परत विचारा, काही क्लासवाले पट्टी बदलून परत वापरतात.

आणि हो, पावसाळ्यात माळा काढू नका. दमट हवेत कपडे, पुस्तकं बाहेर काढली की परत ठेवताना ओल घेऊन आत जातात आणि बुरशी येते. दिवाळीच्या आधी ऑक्टोबरचं ऊन असतं तेव्हा काढा. तुमचे अहो चुकून बरोबर बोललेत.

---

टिळकरोडी

"चुकून बरोबर बोललेत" +१, हे वाक्य फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावतो.

---

रंधा_मारतो

इंटिरियरचं काम करतो, त्यामुळे माझ्या पोटावर पाय येईल असं बोलतोय, पण आधी पसारा काढा आणि मग सुताराला बोलवा. लोक उलटं करतात. जागा नाही म्हणून हायड्रॉलिकचा बेड करून घेतात, मग त्या बेडखाली जे जातं ते परत गादी बदलेपर्यंत बाहेर येत नाही. तो बेड म्हणजे आडवा माळाच.

बाल्कनीबद्दल सांगतो. दहा बाय पाच भरपूर झाली. टेबल पाच फुटाच्या बाजूला बसवा, खिडकी डाव्या हाताला येईल असं (मुलगी डावखुरी असेल तर उजव्या), म्हणजे लिहिताना हाताची सावली पडत नाही. टेबलची उंची तीस इंच धरतात. पुस्तकांचं कपाट टेबलच्या वर नको, बाजूच्या लांब भिंतीला घ्या, पण खालपासून. आणि शेल्फ सलग लांब करू नका, अठरा एमएमचा प्लाय असला तरी तीन फुटाच्या पुढे मध्ये आधार नसेल तर पुस्तकांच्या वजनाने वर्षा-दोन वर्षांत पोट सुटतं. सायन्सच्या क्लासचं मटेरियल बघितलंय का, एका विषयाचं वजन उचलवत नाही. बाल्कनी आहे म्हणजे पावसाची झड येणारच, तिथे साधा एमआर प्लाय घालू नका, सातशे दहा नंबरचा घ्या, पाण्याला टिकतो. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो स्वतः बघा, बिलावर लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. बिजागऱ्या, चॅनल, कड्या बोहरी आळीतून घ्या, एक चक्कर मारलीत तर जवळच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतं आणि व्हरायटी बघायला मिळते. पार्किंग मिळणार नाही हे गृहीत धरून जा.

एक महत्त्वाचं. बाल्कनीत वजन वाढवताना जपून, विशेषतः जुन्या बिल्डिंगला. कॅन्टिलिव्हर असेल, म्हणजे खाली खांब नसेल, तर बाहेरच्या कडेला विटांची भिंत, लाद्यांचा थर, पाण्याची टाकी असलं काही करू नका. पुस्तकांचं कपाट घराच्या भिंतीला लागून, आतल्या बाजूला. शंका वाटली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सुताराला विचारू नका, सुतार हो म्हणतो. मीपण हो म्हणायचो.

मुलाचं आणि आजींचं एका खोलीत राहणार असेल तर मध्ये कपाट उभं करून पार्टिशन करतात लोक, मला आवडत नाही, आजींच्या बाजूला हवा-उजेड राहत नाही. त्यापेक्षा छतापासून पडद्याचा ट्रॅक टाका, दुपारी ओढा, संध्याकाळी सारा. आणि मुलाला हेडफोन. हा सगळ्यात स्वस्त इंटिरियर.

---

दुसरी_बॅच

मी इथे वयाने सगळ्यात लहान असेन बहुतेक, इंजिनिअरिंगला आहे, पण दुसरी बाजू सांगतो. मी दहावीला क्लासला गेलो असताना आईने माझी पोकेमॉन कार्डं आणि एक मेकॅनोचा सेट कामवाल्या मावशींच्या मुलाला दिला. त्याला मिळाला ते चांगलंच झालं, त्याचं मला काही नाही, मला विचारलं असतं तर दिलाच असता. पण मी न विचारता दिल्याचं अजून विसरलेलो नाही आणि तेव्हापासून मी माझ्या कपाटाला कुलूप लावतो, आईला वाटतं कपाटात काहीतरी भानगड आहे. भानगड वगैरे काही नाही, जुन्या वह्या आहेत.

तुमच्या मुलाचे मावळे राहू द्या ओ काकू. एक बुटाचं खोकं आहे ते. दर दिवाळीला लागतात, सातवीतला मुलगा अजून दोन-तीन वर्षं किल्ला करेल, मग सोसायटीतली लहान मुलं करतील आणि तो वरून सूचना देईल.

---

नारायणपेठी

सोऱ्या, तुझ्या सासूबाईंचं वय काय? सत्तरीच्या पुढे असतील तर पुढचं वाच.

मी दुसरीत होते १९६१ साली. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं. आम्ही नारायण पेठेत नदीच्या अंगाला राहायचो, तळमजल्यावर दोन खोल्या. सकाळी आई स्वयंपाक करत होती, ओरडा झाला तसं वडिलांनी आम्हा भावंडांना उचलून वरच्या वाड्यात नेलं, आईने हातात काय घेतलं तर पोळ्यांचा डबा आणि देवातली अन्नपूर्णा. बाकी सगळं गेलं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, कपाट उताणं, आणि आईच्या लग्नातलं एक तांब्याचं घंगाळ चिखलात रुतलेलं सापडलं, चेपलेलं. पुढे काही महिने निसेन हटमध्ये, म्हणजे पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल पत्र्याच्या घरात, काढले. ते घंगाळ आईने मरेपर्यंत टाकू दिलं नाही, चेप काढूनसुद्धा दिला नाही कुणाला.

त्यामुळे आमच्या वयाची पुण्यातली पुष्कळ माणसं का साठवतात ते तुम्हाला नुसतं चिकटपणा वाटत असेल तर तसं नाही. आमच्याकडे रिकामी बाटली, श्रीखंडाचा डबा, साडीचा खोका, काहीही टाकायला हात धजत नाही. माझी सून चांगली आहे, ती मला विचारते, पण विचारताना "आई हे टाकू का" असं विचारते. टाकू का म्हटलं की माझ्या तोंडातून नाहीच येतं, मला स्वतःला थांबवता येत नाही. एकदा तिने विचारलं, "आई, हे कुणाला देऊया?" तर मी तिला नावं सांगितली, ही बरणी अमकीला, तो स्टोव्ह तमक्याला. अर्ध्या तासात कपाट निम्मं झालं.

ट्रंकेला हात लावू नकोस. किल्ली त्यांच्याकडे आहे ना, मग त्यांनाच उघडू दे, तू नुसती शेजारी बस आणि एकेका वस्तूची गोष्ट ऐक. वेळ जाईल. जाऊ दे.

---

मोडीत_काढा

वर सगळ्यांनी भावना बघितल्या, मी पत्ते सांगतो. जुन्या वस्तू घेणं-विकणं हा माझा छंद आहे (बायको वेगळा शब्द वापरते).

पितळ, तांबं, जस्ताच्या बादल्या, जर्मनची भांडी भंगारवाल्याला सरसकट किलोवर देऊ नका. मोडीचा भाव रोज बदलतो, भांड्याच्या दुकानात विचारा, आणि घट किती धरणार ते आधी ठरवा, तिथेच मारतात. त्यातलं जाड तांबं-पितळ असेल तर विकण्याआधी एकदा कसबा पेठेतल्या तांबट आळीत दाखवा. चेप काढून, कल्हई करून, घासून परत आणलेलं घंगाळ दारात ठेवलं की पाहुणे विचारतात कुठून घेतलं. बारशाला आलेल्या चांदीच्या वाट्या, पेले वगैरे वेगळे काढा, त्यावर कुणाकुणाची नावं घातलेली असतात, सासरची, आजोळची. ती वाचल्याशिवाय देऊ नका, नंतर भांडणं होतात.

कपडे: घालण्यासारखे, धुतलेले, बटणं-चेन शाबूत असे असतील तर गूंजसारख्या संस्था घेतात. "स्वच्छ" या कचरावेचकांच्या संस्थेचे लोकपण जुने कपडे, ई-कचरा, फर्निचर गोळा करतात, आपल्याकडे कचरा घ्यायला रोज येणाऱ्या ताईंनाच विचारा, त्या सांगतील कधी आणि कुठे. फाटके, डागाळलेले देऊ नका, आपण दान केल्यासारखं करतो आणि निवडायचं काम त्यांच्या गळ्यात. सुती साड्या, धोतरं गोधडीला ठेवा. बोहारीण अजून येत असेल तर नशीबवान आहात, आमच्याकडे आता क्वचितच हाक ऐकू येते.

पुस्तकं: गोष्टीची पुस्तकं, संदर्भाची पुस्तकं चालतात, शाळेची क्रमिक पुस्तकं लवकर द्या, उगाच "पुढच्याला होतील" म्हणून ठेवू नका कारण पुस्तकं बदलताहेत. सीबीएसईवाल्यांची तिसरी आणि सहावीची २०२४ ला बदलली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी इयत्तांची. नीट-जेईईची चांगली पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकवाल्यांकडे जातात, पण भाव खुर्चीत बसून ऐका. "किशोर"चे जुने अंक असतील तर ठेवायची गरज नाही असं मी म्हणणार होतो, बालभारतीने १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन फुकट ठेवलेत, पण मी स्वतःचे टाकलेले नाहीत, तेव्हा गप्प बसतो.

थर्माकोल: जाळू नका, नदीत तर अजिबात नको. भंगारवाला घेत नाही कारण वजन नाही. सुका कचरा म्हणून वेगळा द्या, तोडून चुरा करू नका, तो चुरा सोसायटीभर उडतो आणि मग सेक्रेटरीची नोटीस.

जुने मोबाइल, चार्जर, रिमोट, ट्यूबलाइट: ई-कचऱ्यातच. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो, फोडू नका. मोबाइल देण्याआधी फॅक्टरी रिसेट.

बाकी सायकलींसाठी, बाबागाडीसाठी सोसायटीचा ग्रुप पुरतो, सकाळी फोटो टाका, दुपारपर्यंत जाते. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो पण तिथे विकायला जाऊ नका, विकायला गेलेला माणूस दुप्पट घेऊन येतो. स्वानुभव नाही, ऐकलंय.

---

टिळकरोडी

"ऐकलंय" 😄 वहिनींना लिंक पाठवू का या धाग्याची?

---

सोमवार_ते_शनिवार

कागदपत्रांवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, मी सरकारी ऑफिसात आहे, रोज लोकांची धावपळ बघतो. पसारा काढताना लोक सगळ्यात जास्त कागद फाडतात आणि नंतर माझ्यासमोर रडतात.

विजेची, फोनची बिलं, जुन्या वॉरंट्या, बँकेची पासबुकं जी भरलेली आहेत, बंद झालेल्या पॉलिस्या, हे खुशाल फाडा. घराचं ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (व्यवहाराची नोंदणी झाल्याचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, रिडेव्हलपमेंटचं बोलताय म्हणून तर हे वर काढूनच ठेवा. मुलांचे जन्मदाखले, दहावीचं मार्कशीट आणि सर्टिफिकेट ओरिजिनल प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, लॅमिनेट करू नका, लॅमिनेट केलेल्यावर शिक्का मारता येत नाही. कागदपत्रं ऑनलाइन ठेवायला सरकारचं डिजिलॉकर आहे २०१५ पासून, तिथे घेऊन ठेवाच, पण म्हणून कागद टाकू नका.

लहानपणची लसीकरणाची कार्डं टाकतात लोक. टाकू नका. मुलगी उद्या बाहेर शिकायला गेली तर तिकडच्या युनिव्हर्सिट्या लसींची नोंद मागतात.

आणि ज्यांना जात पडताळणी करावी लागणार आहे त्यांच्यासाठी, आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जुना जन्म-मृत्यूचा उतारा, काहीही जुनं, त्यावर जात लिहिलेली असेल तर सोनं समजा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, एससींना १० ऑगस्ट १९५०. मुलगी अकरावी सायन्सला म्हणजे दोन वर्षांनी व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन, तेव्हा ऐन जूनमध्ये ट्रंका उघडण्यापेक्षा आत्ता उघडा. बारावीपर्यंत वाट बघू नका, अकरावीतच अर्ज करा.

---

चकलीचा_सोऱ्या

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद. पाऊस थांबेपर्यंत कपडे-पुस्तकं काढली नाहीत, पण बाल्कनीतल्या टणक वस्तूंना हात घातला.

दुपारची_झोप, चादरी घातल्या. नवऱ्याच्या चादरीवर तीन बंद पडलेले डीव्हीडी प्लेअर, एक ट्रान्झिस्टर आणि वायरींचा गुंता निघाला, तो म्हणाला ह्या वायरी लागतात, मुलीने विचारलं कशाला, तर तो गुंत्याकडे बघत बसला. मग स्वतःच उचलून ई-कचऱ्यात टाकला. मुलीने डबा मान्य केलाय आणि गंमत म्हणजे आधी काहीच नको म्हणत होती ती आता डबा मोठा घे म्हणतेय. घुंगरू ठेवलेत, ट्रॉफ्या क्लासने परत घेतल्या. मावळे जागच्या जागी आहेत, दुसरी_बॅच, काळजी नसावी.

नारायणपेठी काकू, तुमचा प्रतिसाद मी आईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. त्यांचं माहेर सासवडचं, पुराशी संबंध नाही, पण त्या म्हणाल्या की त्यांच्या आईचंही असंच होतं. ट्रंकेत वर त्यांच्या लग्नाचा शालू, दोन इरकली, माझ्या मुलांच्या कुंच्या आणि दुपटी धुऊन इस्त्री करून ठेवलेली (मला वाटत होतं मी ती कधीच देऊन टाकलीत), आणि अगदी खाली फडक्यात बांधलेलं एक बाड, पिवळे कागद, मोडी लिपीत. आईंच्या आजोबांकडचं आहे म्हणे, त्यांनाही वाचता येत नाही. कडा कुरतडल्यात, एक-दोन पानं एकमेकांना चिकटलीत. याचं काय करायचं असतं? आणि शालूची जर काळी पडलीये, घडीवर चिरतोय.

---

फर्ड_वळण

मोडी शिकतोय, म्हणून धावत आलो. चिकटलेली पानं ओढू नका. ऊन दाखवू नका, सेलोटेप तर कुठल्याही परिस्थितीत नको, त्याचा गोंद कागद खातो. फडकं तेच राहू द्या, स्वच्छ सुती असेल तर, नाहीतर धुतलेल्या मलमलमध्ये बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा धरतो. कसर लागली असेल तर बारीक, चकचकीत किडा दिसेल, तसं असेल तर बाड बाकीच्या पुस्तकांपासून लांब ठेवा.

सुट्या पानांचे फोनवर फोटो काढा, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ. मग भारत इतिहास संशोधक मंडळात घेऊन जा, सदाशिव पेठेत, १९१० पासूनची संस्था आहे, तिथे मोडी वाचणारी माणसं भेटतात. बहुतेक वेळा जमिनीचे व्यवहार, देण्याघेण्याचे हिशेब निघतात, गुप्त खजिना निघत नाही हे आधीच सांगतो. पण सासवडचे कागद म्हणजे मला तरी बघायला आवडतील. मूळ कागद द्यायचे का ठेवायचे ते नंतर ठरवा, आधी वाचून घ्या.

---

नारायणपेठी

शालू हँगरला लावू नकोस, वजनाने फाटेल. घडी मोडून दुसरीकडून घाल आणि दर सहा महिन्यांनी घडी बदल, मऊ सुती पंच्यात गुंडाळ. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू द्यायच्या नाहीत. जर काळी पडली म्हणजे चांदीची असेल, घरी लिंबू-मीठ असले प्रयोग नको. फारच चिरला असेल तर काठ-पदर काढून नातीला ओढणीला लाव, सासूबाईंना विचारून.

---

रंधा_मारतो

बाल्कनी रिकामी झाली का? मापं टाका, उगाच बाहेर चार हजार देऊन ड्रॉइंग काढून घेऊ नका, मी कागदावर काढून इथे टाकतो.

---

चकलीचा_सोऱ्या

मापं संध्याकाळी टाकते. फर्ड_वळण, आई म्हणतात त्यांनाच यायचंय मंडळात, गुडघ्यांमुळे रिक्षाने जाऊ.

अजून एक विचारायचं राहिलं. माळ्यावर चार कापसाच्या गाद्या आहेत, पाहुण्यांसाठीच्या, दगड झाल्यात. पूर्वी उन्हाळ्यात मामाकडची सगळी यायची, आता कुणी राहायला येत नाही. टाकायच्या का?

---

दुपारची_झोप

गाद्या टाकू नका! कापूस पिंजून घेतला की परत फुलतो. चारच्या दोन किंवा तीन होतील, घट जाते, थोडा नवीन कापूस घालावा लागतो. एक मुलीला बाल्कनीत पसरायला, अभ्यास करताना लोळायला लागतंच. नवी खोळ तुम्ही आणून द्या, मांजरपाट जाड बघून, गादीवाल्याच्या खोळी पातळ असतात. आणि समोर उभं राहून पिंजून घ्या म्हणजे तुमचाच कापूस तुम्हाला मिळतो.

---

चकलीचा_सोऱ्या

समोर म्हणजे गच्चीवर करावं लागेल, मशिन घेऊन येणारा एक जण मिळालाय. पण गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि मागच्या वेळी पापड वाळत घातले तेव्हा त्यांनी नोटीस लावली होती.

---

टिळकरोडी

अर्ज लेखी द्या, दोन प्रतींत, एकावर पोच घ्या. "काम झाल्यावर गच्ची झाडून देऊ" हे वाक्य अधोरेखित. आणि जमलं तर त्यांच्याही गाद्या बरोबर पिंजून घेऊ का असं विचारा, किल्ली स्वतः घेऊन येतील.